"ठेवायला दिलं होतं": एका चाळीतल्या संग्रहालयाचं प्रकरण

हे प्रकरण लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका तीनमजली चाळीतलं आहे. चाळीचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. अण्णा, बाई, ताई अशा हाका तेवढ्या ठेवल्या आहेत. मी या संग्रहालयाची कागदपत्रं बघायचो. तीस वर्षं बँकेत ठेवींच्या काउंटरवर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझ्या हातून तरी व्हायला नको होती.

पार्श्वभूमी

तळमजल्यावर जिन्याला लागून बारा बाय चौदाची एक खोली होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा तो एका गावाच्या मंडळाचा गाळा होता. तिन्ही पाळ्यांची माणसं तिथे राहायची, एक पाळी उठून गेली की दुसरी त्याच जागेवर पथारी टाकायची. भिंतीला एकावर एक ट्रंका, वर दोरीवर कपडे. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून मुंबईत कापसाबरोबर माणूसही आयात होत गेला, आणि तो जिथे निजला ते हे गाळे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. तो अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गाळा मात्र दोन वर्षांत रिकामा झाला.

संग्रहालय काढायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. एका गणेशोत्सवात देखाव्याला पैसे कमी पडले, म्हणून अण्णांनी कल्पना काढली की घराघरातून गिरणीच्या वेळच्या वस्तू मागवून मांडू. अण्णा साचेखात्यात होते, मागावर आयुष्य गेलं. लोकांनी मागावर आडवं सूत नेणारे धोटे आणले, सूत गुंडाळायच्या कांड्या आणल्या, पितळी बिल्ले, बदली कामगारांची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, संपातली पत्रकं, खानावळीतली भांडी. देखावा गाजला. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले आणि वस्तू राहिल्या. न्यायला कुणी आलं नाही आणि परत द्यायला आम्ही गेलो नाही. उलट पुढच्या वर्षी आणखी आल्या. "घरात जागा नाही हो अण्णा, इथे ठेवा," एवढ्यावर काम व्हायचं.

मग दारावर पाटी लागली. रविवारी दहा ते एक खोली उघडायची. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून वस्तूंपुढे ठेवल्या, कॉलेजची दोन मुलं फोटो काढायची आणि शाळांच्या सहली यायच्या. वीजबिल गणेशोत्सव मंडळ भरायचं. नोंदवही होती, पण ती भेट देणाऱ्यांच्या अभिप्रायांची. वस्तूंची नव्हती.

अडचण

चाळ १९४० पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत. पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती, त्यामुळे कुणी ती मनावर घेत नव्हतं. एका फेब्रुवारीत करारावर सह्या झाल्या आणि पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करा असं ठरलं. संग्रहालयाच्या खोलीची भाडेपावती गाव-मंडळाच्या एका सेक्रेटरीच्या नावावर होती. ते जाऊन वीस वर्षं झाली होती. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं, पण विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज कित्येक वर्षं दिलेलाच नव्हता. कागदावरचे विश्वस्त फोटोत होते, भिंतीवर, हार घातलेले.

ही अडचण मोठी होती, पण ती आमची एकट्यांची नव्हती. निम्म्या चाळीच्या पावत्या अशाच. खरी अडचण एका रविवारी सकाळी ताईंच्या रूपाने आली.

ताईंची आई आमच्या चाळीत खानावळ चालवायची. सगळी तिला मावशी म्हणायची. मावशींचं मोठं पितळी पातेलं आणि हिशोबाची लाल वही ही आमच्या खोलीतली सर्वांत जास्त बघितली जाणारी वस्तू. वहीबद्दल थोडं सांगायलाच हवं. प्रत्येक पानावर एका मेंबराचं नाव, खाली गाव: देवरूख, मालवण, पाटण, आजरा. दिवसाला दोन रेघा, दोन वेळचं जेवण. एक वेळ खाडा असेल तर एकच रेघ. डिसेंबर १९८१ पर्यंत महिन्याच्या शेवटी 'जमा' लिहून आडवी रेघ मारलेली. जानेवारीनंतर ती आडवी रेघ नाही. 'येणे' पुढच्या महिन्यावर ओढलेलं, मग त्याच्या पुढच्या. उन्हाळ्यापासून दिवसाला एकच रेघ पडायला लागते. आणि मग एकेका पानावर मधेच दोन शब्द: 'गावी गेला'. त्याखाली पान कोरं.

ताई म्हणाल्या, "अण्णा, आईची वही न्यायला आलेय."

"कशाला गं? इथे नीट आहे की."

"आता इथे म्हणजे कुठे? खोलीच जातेय ना? आईने ठेवायला दिली होती."

बाई मधे पडल्या. "ठेवायला म्हणजे संग्रहालयात ठेवायला. त्यांनी ती देऊन टाकली होती."

"देऊन टाकायला ती काय जुनी चप्पल होती?"

इथे सगळं अडलं. मराठीत 'ठेवायला दिलं' याचे दोन्ही अर्थ सरळ निघतात: सांभाळायला दिलं, किंवा मांडून ठेवायला कायमचं दिलं. मावशी गेल्या होत्या. देताना हजर होते ते अण्णा, आणि अण्णांना एवढंच आठवत होतं की त्या दिवशी मावशी रडल्या होत्या. आठवडाभरात दहा-बारा घरांतून निरोप आले, आमची ट्रंक, आमचा बिल्ला, आमच्या बाबांचा फोटो.

समोरचे पर्याय

चाळीतल्याच एका वकील मुलाला बसवून घेतलं. तो म्हणाला, जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूचं दान व्हायला नोंदणीकृत कागद लागतोच असं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे वस्तू हातात दिली तरी दान पुरं होतं. पण देणाऱ्याचा हेतू दान करण्याचा हवा. हेतू सांभाळायला देण्याचा असेल तर तो १८७२ च्या करार कायद्यातला निक्षेप, आणि मग वस्तू मालकाची किंवा त्याच्या वारसांची. हेतू सिद्ध कसा करणार? कागद नाही, साक्षीदार म्हातारे. "काका, तुम्ही बँकेत होतात ना?" असं त्याने मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

पहिला पर्याय अण्णांचा: मागेल त्याला देऊन टाका. लोकांच्या विश्वासावर उभं राहिलं, वाद घालून टिकवायचं नाही. भावना पटण्यासारखी, पण एकाच फोटोवर दोन भाऊ हक्क सांगत होते आणि त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. फोटो एकाला दिला असता तर दुसऱ्याने आम्हाला धरलं असतं.

दुसरा बाईंचा: काहीच परत करायचं नाही. त्यांचा मुद्दा असा की घरी गेलेल्या वस्तू पाच वर्षांत भंगारात जातात, विशेषतः पितळ. हे खरं आहे. पण बाईंच्या बोलण्यात एक संशय होता, की ताईंना वही नको, पातेलं हवंय, आणि पितळेचा भाव बघून ही आठवण झालीय. तो संशय आमच्यातल्या बहुतेकांच्या मनात होता, माझ्याही.

तिसरा पर्याय: सगळं मोठ्या संग्रहालयाला देऊन मोकळं व्हायचं. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांना खुलं आहे, मुंबईतलं सर्वांत जुनं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आहे. ही नावं बैठकीत आली आणि तिथेच थांबली. कुठलंही रीतसर संग्रहालय पहिला प्रश्न हाच विचारणार: वस्तू तुमची आहे का, आणि ती कुठून आली? जे आम्हाला ताईंना सांगता येत नव्हतं ते त्यांना काय सांगणार?

चौथा, कॉलेजच्या मुलांचा: सगळ्याचे फोटो आणि स्कॅन करा, मूळ वस्तू परत करा. बिल्ल्याचा फोटो हातात घेऊन त्याचं वजन कळत नाही, हे अण्णांचं म्हणणं मला पटलं. पण वहीच्या बाबतीत मुलं बरोबर होती.

पाचवा पर्याय एका सदस्याचं कोकणातलं घर. तिथला पावसाळा आठवून तो लगेच सोडला.

काय केलं

शेवटी जे केलं ते यातलं कुठलंच एक नव्हतं. आधी कुणालाही हो किंवा नाही न म्हणता सहा रविवार मागून घेतले. मागे वळून पाहिलं तर सर्वांत चांगला निर्णय हाच. पहिल्याच रविवारी ताईंना वही दिली असती किंवा नाकारली असती, तरी पुढचा प्रत्येक जण त्या एका उदाहरणावर भांडला असता.

त्या सहा आठवड्यांत यादी केली. प्रत्येक वस्तूला क्रमांक: वर्ष, कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने, कपड्यांना सुती पट्टीवर लिहून दोन टाके घालून, धातूच्या वस्तूंना दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिकटपट्टी कशालाही नाही. जी वस्तू कुठून आली हे कुणालाच सांगता येईना तिच्या क्रमांकाआधी 'सा' लावला, म्हणजे सापडलेली. चारशेच्या वर नोंदी झाल्या.

यादी करताना आमची इतर पापं बाहेर आली. संपातली पत्रकं एका उत्साही कार्यकर्त्याने कधीतरी लॅमिनेट करून आणली होती. कागद आत भाजून निघाल्यासारखा पिवळा होत चालला होता, आणि लॅमिनेशन उलटं फिरवता येत नाही. फोटो स्वस्तातल्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये प्लास्टिकला चिकटले होते. वह्यांना कसर लागली होती. डांबराच्या गोळ्यांनी कसर जात नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं. कागद आणि कापड पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवले तर कीड मरते, असा सल्ला मिळाला. फोटो यात घालायचे नाहीत. आता उणे १८ अंश कुठे मिळणार? बाजारातल्या मासेवाल्या मावशींनी फ्रीजर देऊ केला होता, पण आमचंच धाडस झालं नाही. एका आइस्क्रीमवाल्याने कोपरा दिला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर मुंबईच्या हवेतलं पाणी कागदावर धरतं. आम्ही एक पिशवी घाईने फोडली. ती अण्णांच्या मित्राची अभंगांची वही होती आणि तिची शाई थोडी पसरली.

मग घरोघर निरोप दिले, फलकावर यादी लावली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. रविवारी टेबल मांडून बसलो. फॉर्म एकपानी, त्यावर तीनच चौकोन: दान, ठेव, परत. ठेवीला मुदत पाच वर्षं, मुदत संपताना विचारायचं, आणि ठेवणारा गेला तर कुणाला विचारायचं त्याचं नाव तिथेच लिहायचं. बँकेतलं नामनिर्देशन, दुसरं काही नाही. खाली एक मोकळी ओळ: 'देताना काय सांगितलं होतं, तुमच्या शब्दांत'. ही ओळ बाईंची कल्पना. कायद्याला ती लागत नाही, पण पुढे चिठ्ठ्या लिहायला तिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

दोन भावांचा फोटो कुणालाच दिला नाही. दोघांच्या सह्या एकाच कागदावर येतील तेव्हा देऊ, असं लिहून ठेव म्हणून ठेवला. त्या दोन सह्या अजून आलेल्या नाहीत.

ताई चौथ्या रविवारी आल्या. बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली, हातमोजे द्यायला गेल्या तर ताई म्हणाल्या, "असू देत बाई, हात धुतलेत." पानं उलटत एका जागी थांबल्या. 'गावी गेला' मधला 'गा' खोडून परत लिहिलेला होता. "हे माझं अक्षर आहे. आईला कुठे लिहिता येत होतं? मी सातवीत होते. रात्री ती सांगायची, मी रेघा मारायचे."

आमच्या चिठ्ठीवर इतकी वर्षं लिहिलं होतं: 'खानावळ चालवणाऱ्या मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली वही'. हे 'स्वतःच्या हाताने' कुठून आलं, बाईंनाही आठवेना.

ताईंनी फॉर्मवर वहीसमोर 'परत' आणि पातेल्यासमोर 'दान' अशी खूण केली. पातेलं घासायला त्यांच्याकडे आता कोण आहे, असं म्हणून हसल्या. बाई उठून चहा सांगायला गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या.

वहीचं स्कॅन ठेवायला ताईंनी परवानगी दिली, आणि तिथे आणखी एक निर्णयाची जागा आली जिच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्या वहीत उधारी आहे. नावासकट. त्यातल्या काहींची मुलं-नातवंडं आजही याच चाळीत आहेत. इतकी वर्षं आम्ही ती उघडी मांडली होती आणि पान पावसाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरं असं पालटत होतो. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा त्याच रविवारी आले आणि आपलं पान दाखवा म्हणाले. त्यांनी ते पाहिलं, वही बंद केली आणि काही न बोलता गेले. त्या संध्याकाळी ठरलं: स्कॅन इंटरनेटवर टाकायचं नाही. दाखवायची असतील तर नावं झाकून पानं दाखवायची, गावं दिसली तरी चालतील.

काय झालं

जवळजवळ निम्म्या नोंदी दान म्हणून पक्क्या झाल्या, त्याखालोखाल ठेवी. परत गेलेल्या वस्तू साठही नाहीत. सगळी खोली रिकामी होईल अशी भीती वाटली होती. प्रत्यक्षात बहुतेकांना वस्तू नको होती, ती आपली आहे हे कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. दोन घरांनी तर यादी पाहून नवीन वस्तू आणून दिल्या, या वेळी पावती घेऊन.

जागेचं म्हणाल तर जवळच्या एका वाचनालयाने दोन लोखंडी कपाटं आणि एक टेबल दिलं आहे. महिन्याचा पहिला रविवार उघडं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला आमंत्रण, आणि मुंबईचा जुलै त्याच्या किती वर असतो हे सांगायला नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, ओल मोजणारा छोटा काटा आहे, आणि पुड्या वाळवायची पाळी लावलेली आहे. ती पाळी चुकते.

बदल अर्ज आम्ही दाखल केला, विलंब-माफीच्या अर्जासकट, आणि नव्या इमारतीत मंडळाच्या नावे खोली मिळावी म्हणून पत्रं चालू आहेत. करारात 'मंडळ कार्यालय' असा शब्द आहे, 'संग्रहालय' नाही.

एक वस्तू गेली. मागाची बाजूची लोखंडी चौकट चार माणसांना उचलवत नव्हती, म्हणून ती अंगणात ताडपत्रीखाली ठेवली, 'नंतर टेम्पो सांगू' म्हणून. पाडकाम सुरू झालं त्या आठवड्यात ती नाहीशी झाली. तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी होती. अण्णांनी भंगारवाल्यांकडे दोन दिवस विचारलं. त्या चौकटीपाशी उभं राहून ते मुलांना माग कसा चालायचा ते हातवारे करून दाखवायचे. आता वाचनालयात दाखवतात, धोटा हातात घेऊन, पण चौकट कुठे असायची ते हवेतच दाखवावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गणेशोत्सवातच दोन रुपयांची वही विकत घेऊन 'कुणी, काय, कशासाठी' एवढं लिहायला हवं होतं. तेव्हा मावशी होत्या, पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी रोज मुदत ठेवीच्या पावत्या फाडून देत होतो आणि रविवारी इथे येऊन लोकांच्या ठेवी तोंडी घेत होतो. घरच्या माणसांकडून काय लिहून घ्यायचं, असं वाटायचं. त्या संकोचाचा हिशोब पुढच्या पिढीला करावा लागला.

जड वस्तू आधी हलवायच्या. आम्ही उलटं केलं, कागद आधी, लोखंड शेवटी, कारण कागद नाजूक वाटतो. पण कागद शेवटच्या दिवशी रिक्षातूनही गेला असता.

चिठ्ठी लिहिण्याआधी वस्तू देणाऱ्याला ती वाचून दाखवायला हवी होती. ताईंना कुणी विचारलंच नव्हतं, कारण वस्तू आईची होती आणि त्या नुसत्या बरोबर आल्या होत्या. यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, तेव्हा विचारलं असतं तरी ताईंनी सांगितलं नसतं. खानावळवालीची मुलगी म्हणून त्या वयात मिरवावंसं कुणाला वाटतं? असेल तसं.

आणि सहा रविवारांऐवजी बारा हवे होते. नोंदींतला पाचवा हिस्सा अजून 'सा' खात्यात आहे. त्यात एक ॲल्युमिनियमचा तीन पुडांचा डबा आहे. झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव घासून घासून गेलंय, गाव मात्र वाचता येतं: पाटण. त्या बाजूच्या दोन घरांना विचारून झालंय. तिसरं घर आता विरारला राहतं, त्यांचा फोन लागत नाही.